परसातील बदकपालन

परसातील बदकपालन म्हणजे घरच्या अंड्यांसाठी, क्वचित मांसासाठी किंवा केवळ हौसेखातर, घरालगतच्या मोकळ्या जागेत मोजकी बदके पाळणे. भारतात बदकपालनाची जुनी परंपरा पश्चिम बंगाल, आसाम, केरळ अशा पाणथळ प्रदेशांत आढळते. महाराष्ट्रात ती त्या मानाने तुरळक आहे. त्यामुळे येथे प्रथमच बदके पाळणारा माणूस बहुधा कोंबडीचा अनुभव गाठीशी घेऊन येतो आणि त्याच अनुभवाने फसतो. बदक कोंबडीपेक्षा काटक असले, तरी ओली जमीन, बुरशी लागलेले खाद्य आणि पाण्यावाचून दिलेले कोरडे खाद्य या तीन गोष्टी त्याला, विशेषतः त्याच्या पिल्लांना, घातक ठरतात. जवळ तळे नसणे ही मात्र खरी अडचण नव्हे.

जाती व निवड

पाळीव बदकांच्या बहुतेक जाती मॅलार्ड या रानबदकापासून निपजल्या आहेत. मस्कोव्ही बदक हे मूळचे अमेरिका खंडातील असून ती वेगळी प्रजाती आहे. अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल ही इंग्लंडमध्ये निर्माण झालेली जात सर्वांत प्रसिद्ध आहे. चांगल्या निगराणीत तिची मादी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. मांसासाठी पांढरे पेकिन पाळतात. केरळच्या कुट्टनाड भागातील चारा व चेंबल्ली आणि आसाम-बंगालकडील पाती या देशी जाती कमी अंडी देतात, पण चरून पोट भरण्यात तरबेज असतात.

बदक कळपाने राहणारा पक्षी आहे. एकटे बदक पाळू नये. निदान तीन तरी असावीत. नर पाळलाच पाहिजे असे नाही, कारण मादी नराविना अंडी देते. पिल्ले हवी असल्यास सहा-सात माद्यांमागे एक नर पुरतो. नर अधिक झाल्यास ते माद्यांच्या मानेची पिसे उपटून त्यांना जखमी करतात. कोंबड्यांच्या खुराड्यातही नर बदक सोडू नये. त्याच्या समागमाच्या प्रयत्नात कोंबडीला गंभीर इजा होऊ शकते. मोठ्या आवाजात ‘क्वॅक’ ओरडते ती मादी. नराचा आवाज घोगरा व दबका असतो आणि मोठेपणी त्याच्या शेपटीवर वर वळलेली पिसे येतात. शेजार दाट असेल तर मादीच्या आवाजाचा विचार आधीच करावा, तसेच पक्षी पाळण्याविषयी स्थानिक स्वराज्य संस्थेचे नियम पाहून घ्यावेत.

घर

बदक दांडीवर बसून झोपत नाही, जमिनीवरच बसते. म्हणून रात्री ते कोंबडीहून अधिक असुरक्षित असते. मुंगूस, रानमांजर, कोल्हा आणि भटकी कुत्री हे त्याचे शत्रू. अंड्यांवर घोरपड व साप यांचाही डोळा असतो. कोंबड्यांसाठी वापरतात ती षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी कुत्रे दातांनी फाडते, त्यामुळे जाड वेल्डमेश जाळी लावावी. ती वीतभर जमिनीत पुरावी, म्हणजे उकरून आत शिरता येत नाही. संध्याकाळी बदके मोजून आत घेऊन दार कडीने बंद करणे हा नेम एक दिवसही चुकवू नये.

रात्रीच्या निवाऱ्यासाठी दर बदकामागे तीन ते चार चौरस फूट जागा धरतात. दिवसा हिंडण्यासाठी त्याच्या तिप्पट-चौपट अंगण असावे. घर जमिनीलगत, उंचवट्यावर आणि वाऱ्याला खुले असावे. दार रुंद असावे, कारण सकाळी सगळी बदके एकदमच बाहेर धावतात. शिडी किंवा उंच उंबरठा नको. बदकाचे पाय नाजूक असतात. पायाला धरून त्याला कधीही उचलू नये, पंखांसकट अंग दोन्ही हातांनी धरावे.

घराची खरी कसोटी पावसाळ्यात लागते. बदकाची विष्ठा पातळ असते आणि चोचीतून ते पाणी सांडत राहते. जमिनीवर चार बोटे जाडीचा भाताच्या तुसाचा थर द्यावा, तो रोज खालीवर करावा आणि ओला भाग काढून टाकावा. कोकणात तूस व पेंढा सहज मिळतो, इतरत्र लाकडाचा भुसा चालतो. बुरशी लागलेला पेंढा मात्र वापरू नये, त्याने श्वसनाचे विकार होतात. नुसत्या कोब्यावर ठेवलेल्या बदकांच्या तळपायाला भेगा पडून गळू होते.

पाणी

पोहण्याचे पाणी बदकाला आवडते, पण जगण्यासाठी ते अत्यावश्यक नाही. अत्यावश्यक आहे ते डोके बुडेल इतके खोल पाणी, म्हणजे सुमारे सहा इंच. नाकपुड्या व डोळे ते त्यातच धुते. उथळ थाळीतून पाणी दिल्यास डोळ्यांना चिकटा येऊन जंतुसंसर्ग होतो. पाण्याचे भांडे तुसावर न ठेवता जाळीच्या चौकटीवर ठेवावे आणि खाली चर काढावा, म्हणजे सांडलेले पाणी वाहून जाते. हौदाऐवजी प्लास्टिकचा मोठा टप पुरतो. त्यातले पाणी तासाभरात गढूळ होते, ते रोज बदलावे. काढलेले पाणी केळी व माडांच्या आळ्यांत सोडल्यास खताचे काम करते. साचलेल्या, कुजक्या डबक्यातील जिवाणूंच्या विषामुळे बदकांची मान लुळी पडते व ती दगावतात. उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, दाट सावली व दिवसभर गार पाणी नसेल तर बदके पाळू नयेत.

पिल्लांची निगा

बदकाच्या अंड्यातून २८ दिवसांनी पिल्लू बाहेर येते, मस्कोव्हीचे ३५ दिवसांनी. खाकी कॅम्पबेल सहसा खुडूक बसत नाही, म्हणून तिची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवण्याची रीत आहे. अशी पिल्ले पाण्यात शिरली की काठावर कोंबडीची उडणारी तारांबळ पाहण्यासारखी असते.

परंतु याच ठिकाणी नवख्याच्या हातून सर्वांत मोठी चूक घडते. आईखाली वाढणाऱ्या बदकपिल्लाच्या पिसांना तिच्या अंगचे तेल लागते. कोंबडीखाली किंवा दिव्याखाली वाढलेल्या पिल्लाला ते मिळत नाही. त्याला कौतुकाने पाण्यात सोडले तर ते भिजून गारठते आणि मरते. अंगावर खरी पिसे येईपर्यंत पिल्लांना केवळ पिण्याचे पाणी द्यावे आणि त्या भांड्यात खडे घालावेत, म्हणजे ती आत उतरत नाहीत. पहिल्या आठवड्यात सुमारे ३० अंश सेल्सियस ऊब लागते. पुढे ती दर आठवड्याला थोडी कमी करतात. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजते आहे, कडेला पांगून धापा टाकू लागली तर उष्णता अधिक झाली, असे समजावे. तापमापकापेक्षा ही खूण भरवशाची.

आहार

बदकाला भिजवलेले खाद्य द्यावे. कोरडा भरडा घशात अडकतो. खाद्य समोर असेल तेव्हा पाणीही असलेच पाहिजे. पिल्लांच्या खाद्यात सुमारे २० टक्के व अंडी देणाऱ्या बदकांच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने असावीत. बदकपिल्लांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांहून अधिक लागते, आणि ते कमी पडल्यास पाय वाकडे होतात. यीस्टची पूड मिसळल्याने ही उणीव भरून निघते. अंडी देणाऱ्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. अझोला, भाजीची पाने, गांडुळे व गोगलगायी बदके आवडीने खातात. भातखाचरातील गोगलगायी कमी करण्यासाठीही त्यांचा उपयोग होतो.

बुरशीचे संकट मात्र वेगळ्याच तोलाचे आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी आणि त्यांच्याबरोबर बदकांची पिल्ले अज्ञात कारणाने मेली. तपासाअंती दोष ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत आढळला, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाचा शोध लागला. बदकपिल्लू या विषाला इतके संवेदनशील असते की आरंभीच्या काळात खाद्यातील विष ओळखण्यासाठी एक दिवसाची बदकपिल्लेच वापरीत. हे विष उन्हात वाळवून किंवा शिजवूनही जात नाही. म्हणून पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतेच खाद्य आणावे, घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवावे, आणि गोळे झालेला किंवा कुबट वास येणारा भरडा फेकून द्यावा. शेंगदाण्याची पेंड व जुना मका टाळलेलेच बरे. कोंबडीला चालला म्हणून बदकाला चालेल, हा युक्तिवाद येथे जिवावर बेततो.

अंडी

मादी साधारण पाच-सहा महिन्यांची झाल्यावर अंडी देऊ लागते. बहुतेक अंडी पहाटे ते सकाळी नऊच्या दरम्यान येतात. त्याआधी बदके सोडल्यास ती अंगणात कुठेही अंडी टाकतात. तीन माद्यांमागे फूटभर रुंदीचे एक पेंढ्याचे खोके पुरते. ओल्या जमिनीवरील मळक्या अंड्यांच्या कवचातून जंतू आत जाऊ शकतात, म्हणून बदकाचे अंडे पूर्ण शिजवूनच खावे.

रोग

डक प्लेग हा विषाणुजन्य व पटकीसारखा पसरणारा डक कॉलरा हा जिवाणुजन्य रोग हे दोन प्रमुख होत. प्लेगची लस सामान्यतः आठ आठवड्यांनंतर टोचतात. वेळापत्रक पशुवैद्यकाकडून घ्यावे. बर्ड फ्लूबाबत अधिक सावधगिरी हवी, कारण बदक लक्षणे न दाखवताही त्याचा विषाणू बाळगू शकते. भारतात हा रोग प्रथम २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत आढळला. २०१४ मध्ये कुट्टनाडमध्ये बदकांच्या कळपांना त्याची लागण झाली आणि मोठ्या संख्येने पक्षी नष्ट करावे लागले. परसातील बदके तळ्यावरच्या रानपक्ष्यांत मिसळू देऊ नयेत व शक्यतो कोंबड्यांपासून वेगळी ठेवावीत. एकाएकी अनेक पक्षी मेल्यास ते खाऊ, विकू किंवा उघड्यावर टाकू नयेत; हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे.