टेम्परेचरचा काटा खोटं बोलतोय की इंजिन खरंच तापलंय? बाहेरून बसवलेला मीटर असा तपासा

पिशोर (ता. कन्नड) : अद्रकीची पोती भरून पिकअप चढाला लागते आणि डॅशबोर्डखाली बसवलेल्या गोल मीटरचा काटा एकदम लाल पट्ट्यात जातो. गाडी बाजूला घेऊन बोनेट उघडावं तर ना वाफ, ना वास, इंजिन रोजच्यासारखंच. दुसऱ्या गाडीत याच्या उलट घडतं. काटा खाली निवांत पडलेला असतो आणि बोनेटमधून वाफ निघते. पहिल्या प्रकारात अर्धा तास वाया जातो. दुसऱ्या प्रकारात हेड वाकतं, पॅकिंग जातं आणि हंगामाची कमाई गॅरेजमध्ये जाते. म्हणून वर चढलेल्या काट्यापेक्षा खाली पडून राहिलेल्या काट्याची भीती जास्त बाळगायला हवी.

आपल्याकडच्या जुन्या जीप, पिकअप आणि ट्रॅक्टरमध्ये कंपनीचा मीटर बंद पडला की पूर्ण मीटर-डबा बदलण्यापेक्षा बाजारातला सुटा मीटर बसवून घेतात. बऱ्याच नव्या छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. लाल दिवा लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो, त्यामुळे घाटात जाणारे लोक वेगळा मीटर लावतात. विचार चांगला आहे, पण मीटर नीट बसवला नसेल तर तो नसलेलाच बरा.

आधी इंजिन, मग मीटर

काटा वर गेला तर तो खरा आहे असं धरूनच चालायचं. मीटर खराब आहे हे सिद्ध होईपर्यंत गाडी पुढे दामटू नये. एसी बंद करा, सुरक्षित जागा पाहून थांबा, इंजिन बंद करा आणि किमान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. हे झाकण पाणी दाबाखाली धरून ठेवतं. दाबामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब सुटतो, त्याच क्षणी पाण्याची वाफ होते आणि ती तोंडावर, हातावर उडते. ओला बारदाना टाकून झाकण उघडायची सवय अनेकांना आहे. ती सोडलेली बरी. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नये, हेडला तडा जाऊ शकतो.

इंजिन गार झालं की रेडिएटरमधलं आणि बाटलीतलं पाणी पाहा, फॅनचा पट्टा पाहा, होजपाईप ओला आहे का पाहा. विजेवर चालणारा पंखा असेल तर हात आत घालताना जपून, काही गाड्यांत चावी बंद असतानाही तो अचानक फिरतो. पाणी पुरेसं आहे, कुठे गळती नाही, पट्टा ताठ आहे आणि तरीही काटा वेडावाकडा चालतोय, तेव्हा मीटरकडे वळायचं.

इथं एक फसवणूक लक्षात ठेवावी. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच बरोबर सांगतो. पाणी कमी झालं किंवा आत हवा अडकली की सेन्सर कोरडा पडतो. हवा किंवा वाफ त्याला पाण्याइतकी उष्णता देत नाही, आणि इंजिन जळत असताना काटा खाली उतरतो. चढाला वर गेलेला काटा सपाटीवर न येताच अचानक खाली आला तर ‘गार झालं’ म्हणून खूश होऊ नका, लगेच थांबा.

अर्थिंग

विजेवर चालणाऱ्या सुट्या मीटरला साधारण तीन वायरी असतात: चावी चालू केल्यावर येणारा प्लस, अर्थ आणि सेन्सरकडे जाणारी वायर. दिव्याची वायर वेगळी. सेन्सरला बहुतेक वेळा एकच वायर असते, कारण त्याचा अर्थ त्याच्या पितळी अंगातून इंजिनला मिळतो. आत एक अशी गोळी असते की गार असताना तिचा विजेला अडथळा जास्त असतो आणि तापल्यावर कमी होतो. मीटर तो अडथळा मोजून काटा हलवतो. म्हणजे वाटेत कुठेही गंज, सैल नट किंवा रंग आला की तो जास्तीचा अडथळा मीटरला ‘इंजिन गार आहे’ असाच दिसतो.

सर्वाधिक चुका इथंच होतात. पाणी गळू नये म्हणून सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे मारले जातात. गळती थांबते, पण अर्थही तुटतो. टेप लावायचीच असेल तर एखादा वेढा, तोही पहिल्या दोन आट्या मोकळ्या सोडून.

दुसरी चूक याहून जास्त दिसते. इंजिनला भोक पाडायला नको म्हणून रेडिएटरचा वरचा होजपाईप कापून मध्ये ॲल्युमिनियमचा तुकडा टाकतात आणि त्यात सेन्सर बसवतात. हा तुकडा दोन्ही बाजूंनी रबरात असतो, त्याला अर्थ मिळणार कुठून? त्यावर स्क्रूची जागा दिलेली असते, तिथून इंजिनपर्यंत किंवा बॅटरीच्या मायनसपर्यंत वेगळी वायर ओढावीच लागते. मीटर नवा, सेन्सर नवा आणि काटा हलतच नाही, अशा गाडीत आधी ही वायर आहे का पाहावं.

मीटरच्या मागचा अर्थही डॅशबोर्डच्या पत्र्याला कसाबसा स्क्रू मारून दिलेला असतो. त्याची खूण सोपी आहे. रात्री हेडलाईट लावली, वायपर किंवा ब्लोअर चालू केला की काटा हलतो. इंजिन तर एका सेकंदात तापत नाही. मल्टीमीटर असेल तर लाईट चालू ठेवून मीटरचा अर्थ आणि बॅटरीचा मायनस यांच्यामधलं व्होल्टेज पाहा. ते जवळपास शून्य हवं. अर्धा-पाऊण व्होल्ट दिसलं तर पत्रा पॉलिशपेपरने चकचकीत घासून अर्थ पुन्हा द्या, नाहीतर सरळ बॅटरीपर्यंत वायर न्या.

वायरीची परीक्षा

इंजिन गार असू द्या, चावी ऑन करा, गाडी सुरू करू नका. सेन्सरवरची वायर काढून हवेत धरा. काटा गार बाजूला तळाशी गेला पाहिजे. आता तीच वायर इंजिनच्या मोकळ्या लोखंडाला क्षणभर टेकवा. काटा गरम बाजूला पूर्ण चढला पाहिजे. एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवून ठेवू नये. दोन्ही झालं तर मीटर आणि वायर चांगली आहे, दोष सेन्सरकडे किंवा त्याच्या अर्थकडे.

वायर काढल्यावरही काटा गरमवरच राहिला तर वायर वाटेत कुठेतरी अंगाला लागून शॉर्ट झाली आहे. सायलेन्सरच्या गरम पाईपजवळून नेलेली वायर वितळते. शेडमध्ये मक्याच्या पोत्यांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर वायर कुरतडतात, तेही पाहा. सकाळी गार इंजिनात चावी फिरवताक्षणी काटा लाल पट्ट्यात जात असेल तर बहुधा हेच कारण असतं. उलट, वायर टेकवूनही काटा हलला नाही तर प्लस येतो का ते टेस्टिंग बल्बने पाहा, फ्यूज पाहा, मग वायर मध्ये तुटली आहे का पाहा. हे सगळं ठीक असेल तरच मीटर गेला म्हणायचं.

अंक दाखवणाऱ्या मीटरमध्ये वायर काढल्यावर नुसत्या रेघा किंवा चुकीची खूण येते, ते स्वाभाविक आहे.

एक सावधगिरी. नव्या गाड्यांत इंजिनच्या कॉम्प्युटरचा स्वतःचा सेन्सर असतो, त्याला बहुतेक दोन वायरी आणि प्लास्टिकचा कपलर असतो. वरची परीक्षा त्यावर करू नये, आणि सुट्या मीटरची वायर त्यावरून तर मुळीच घेऊ नये. कॉम्प्युटरला चुकीचं तापमान कळतं, मग डिझेल-पेट्रोलचा आणि पंख्याचा हिशोब बिघडतो.

सेन्सर गरम पाण्यात

गार इंजिनातून सेन्सर काढा आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवा. एक टोक सेन्सरच्या पिनला, दुसरं त्याच्या अंगाला. पातेल्यात पाणी तापवत पितळी भाग त्यात धरा, पिन कोरडी राहू द्या. पाणी तापेल तसा आकडा सलग खाली आला पाहिजे. मध्येच उडी मारत असेल किंवा हलतच नसेल तर सेन्सर बाद. आता सेन्सरला गाडीतली वायर जोडा, अंगाला अर्थ द्या आणि उकळत्या पाण्यात मीटर काय दाखवतो ते पाहा. कन्नडचं पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथं पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. मीटर ९५ ते १०० दाखवत असेल तर चांगलंच. ७० किंवा १२० दाखवत असेल तर मीटर आणि सेन्सरची जोडी जमलेली नाही.

ही जोडी फार महत्त्वाची. आट्या बसल्या म्हणजे सेन्सर चालला असं होत नाही. एकाच मापाच्या आट्यांचे सेन्सर ओहममध्ये वेगवेगळे असतात. पंखा चालू करणारा स्विचही दिसायला तसाच असतो, पण तो नुसता चालू-बंद होतो. तो चुकून मीटरला लावला तर काटा एकतर खाली नाहीतर एकदम वर, मधलं काहीच नाही.

सेन्सर बाहेर काढलाच आहे तर त्याच्या टोकावर पांढरा थर आहे का पाहा. बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये घालत राहिलं की क्षार बसतात आणि सेन्सरला उष्णता उशिरा कळते. कूलंट आणि शुद्ध पाणी हाच उपाय.

कोरोनात कपाळाचा ताप पाहायला आलेली बंदूक इंजिनावर चालत नाही, ती माणसाच्या अंगाच्या तापमानापुरतीच असते. कारखान्यात वापरतात तशी मिळते. ती चकचकीत धातूवर न धरता काळ्या रबरावर किंवा रंगवलेल्या भागावर धरावी, नाहीतर आकडा कमी येतो.

काटा कायम खाली, पण मीटर चांगला

आपल्याकडे गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकायची पद्धत आहे. हा व्हॉल्व्ह साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, तोवर इंजिन लवकर तापू देतो. तो काढला की थंडीच्या दिवसांत काटा वर येतच नाही आणि मालक मीटर बदलत बसतो. मीटर खरं सांगतोय, इंजिनच गार चालतंय. डिझेल जास्त जातं ते वेगळंच.

जुन्या ट्रॅक्टरवरच्या मीटरला वायर नसते, तांब्याची बारीक नळी असते. तिच्या टोकाच्या बल्बमधला द्रव तापून दाब तयार होतो आणि काटा हलतो. नळी मुरगळली किंवा तुटली की ती डाग देऊन दुरुस्त होत नाही, पूर्ण मीटरच बदलावा लागतो. बसवताना नळीला कोपरा न करता मोठे वेढे द्यावेत.

काही जुन्या गाड्यांत कंपनीच्याच मीटरला व्होल्टेज स्थिर ठेवणारी छोटी डबी असते. इंधनाचा आणि टेम्परेचरचा काटा एकाच वेळी चढले तर ही डबी पाहावी, इंजिन नव्हे.

नवा मीटर घेताना सेन्सर त्याच पाकिटातला घ्या. कोणता सेन्सर किती अंशांना किती ओहम, हा तक्ता आत दिलेला असेल तर त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दोन वर्षांनी सेन्सर गेला तर दुकानदाराला तोच दाखवता येतो.