माळढोक, वाघ आणि पहिले शील : प्रजाती वाचवण्याची बौद्ध नीती

एखादी प्रजाती नष्ट होत असेल तर माणसाने मध्ये पडावे का? 'सर्व काही अनित्य आहे, मग एक पक्षी गेला तर गेला', असे धम्माचे नाव घेऊन सांगणारे भेटतात. धाराशिव जिल्ह्यातील तरुणांसाठी हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही.

माळढोकाची स्थिती

माळढोक हा उघड्या माळरानावर राहणारा मोठा, जड पक्षी आहे. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून निघत नाही. धाराशिवला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात नान्नज येथे त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. आज तेथे तो क्वचितच दिसतो. देशभरात उरलेले माळढोक दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी मानले जातात. शिकार, माळरानांची नांगरट, मोकाट कुत्री आणि विजेच्या तारा ही त्याची प्रमुख कारणे. या पक्ष्याला समोरची तार वेळेत दिसत नाही आणि दिसली तरी पटकन वळता येत नाही.

अनित्यता ही सबब नव्हे

ही सर्व कारणे माणसाने निर्माण केली आहेत. बुद्धाने कर्माच्या मुळाशी चेतना, म्हणजे हेतू सांगितला. आपल्या कृतीचा परिणाम कळल्यावरही ती चालू ठेवली, तर 'आम्हाला मारायचे नव्हते' हे म्हणणे टिकत नाही. सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात न मारायच्या प्राण्यांची यादीच दिली आणि विनाकारण जंगल जाळण्यास मनाई केली. राज्याने जीवांसाठी मध्ये पडावे, हा विचार बौद्ध परंपरेत जुना आहे.

हस्तक्षेप कोणता?

पहिला प्रकार म्हणजे घातक गोष्ट थांबवणे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधामुळे गिधाडे मोठ्या प्रमाणात मेली. २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.

दुसरा प्रकार अवघड आहे. २०१९ पासून राजस्थानात जैसलमेरजवळ माळढोकाची अंडी माळावरून उचलून कृत्रिम उबवणीने पिल्ले वाढवली जात आहेत. म्हणजे प्रजाती जगावी म्हणून काही पक्ष्यांचे मोकळे जगणे हिरावले जाते. २०२४ च्या अखेरीस यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालून आलेला वाघ आपल्या येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात दिसला. हे अभयारण्य सुमारे २२ चौरस किलोमीटरचे, एका वाघालाही अपुरे. जनावरे मारली जाऊ लागल्यावर त्याला पकडून हलवण्याचे प्रयत्न झाले. येथे वाघाचे स्वातंत्र्य आणि पशुपालकाची उपजीविका दोन्ही पणाला लागतात.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी यासाठी वाट दाखवली आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळेपणाने पाळायचा नियम नव्हे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक आहे, असे ते मांडतात. अंडे उचलणे किंवा वाघ पकडणे याला हीच कसोटी लावावी : गरज खरी आहे का, आणि कमी त्रासाचा मार्ग उरला आहे का?

भार कोणावर?

माळढोक अभयारण्य सुरुवातीला ८४९६ चौरस किलोमीटरचे होते. त्यात गावेच्या गावे आणि खासगी शेतजमिनी आल्या, निर्बंधांमुळे लोकांमध्ये रोष वाढला आणि पुढे क्षेत्र सुमारे १२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. लोकांना वगळून केलेले संरक्षण टिकत नाही, हा त्यातला धडा.

आपल्या चळवळीसाठी मुद्दा आणखी नाजूक आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. गायरान जमिनीचा हक्क हा आजही मराठवाड्यातील दलितांच्या जगण्याचा प्रश्न आहे. माळ वाचवायचा म्हणून पहिला घाव गायरान कसणाऱ्या भूमिहीनावर घालणे ही करुणा नव्हे. धाराशिव परिसरात पवनचक्क्या आणि वीजवाहिन्या वाढत आहेत. त्यांच्या मार्गाबद्दल कंपन्यांना प्रश्न न विचारता केवळ गरिबाला हटवणे अन्यायच ठरेल.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

ग्रामसभेत गायरानाची चर्चा निघेल तेव्हा भूमिहीनांचा हक्क आणि माळरानाचे मोल दोन्ही मांडावे. माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे, तेथे सरसकट झाडे लावल्यानेही माळावरच्या पक्ष्यांचे नुकसान होते, हे समजावून सांगावे. वन्यप्राण्याने जनावर मारल्यास वनविभागाकडून भरपाई मिळवण्यासाठी पशुपालकाला मदत करावी. भरपाई वेळेवर मिळाली तर वाघावरचा राग कमी होतो आणि पहिले शील गावात प्रत्यक्ष पाळले जाते.