बाळंतिणीच्या डोक्यावरचे छप्पर



सोमाटणे फाट्यावर गाडीची वाट पाहत उभे राहिले, की एका अंगाला पुण्याचा रस्ता आणि दुसऱ्या अंगाला मुंबईचा. आज जी हकीकत सांगणार आहे ती या दोन शहरांत घडली, आणि दोहोंच्या मधल्या आपल्या मावळालाही ती लागू आहे. हकीकत आहे तान्ह्या बाळांची. एकाच दिवशी दोन बाळे जन्माला येतात. एक रांगते, चालू लागते, शाळेत जाते. दुसरे पहिला वाढदिवसही पाहत नाही. असे का व्हावे?

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचाराल तर त्या म्हणतील, "सटवाईनं तसं लिवलं व्हतं, बाबा." पाचवीच्या रात्री पाट मांडायचा, कोरा कागद नि लेखणी ठेवायची, दिवा तेवत ठेवायचा, आणि सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहून जाते असे मानायचे, ही आपली जुनी रीत. मी तिची थट्टा करणार नाही. ज्या माउलीचा पाळणा तीन-तीनदा रिकामा झाला, तिला तेवढाच आधार होता. पण इतिहास पाहू लागलो म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. सटवाई येण्यापूर्वीच माणसांनी बाळाच्या नशिबातले पुष्कळ काही लिहून ठेवलेले असते. आई कोणत्या वाड्यात राहते, काय खाते, तिला विसावा मिळतो की नाही, तिच्या दाराशी वैद्य येतो की नाही, हे माणसेच ठरवत आली आहेत.

ही गोष्ट आपल्याकडे पहिल्याने कोणी लिहून ठेवली असेल, तर ती एका चौदा वर्षांच्या मुलीने. तिचे नाव मुक्ता साळवे. मातंग समाजातली ही मुलगी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. १८५५ साली तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' पत्रात दोन हप्त्यांत छापून आला. त्यात पेशवाईतल्या जुलमाविषयी आहे, धर्माविषयी आहे. पण त्यातच एके ठिकाणी ती आपल्या समाजातल्या बाळंतिणींचे हाल सांगते. बाई बाळंत होते तेव्हा घरावर धड छप्परही नसते. पावसाने, थंडीने तिला किती त्रास होत असेल, आणि त्यातून दुखणे आले तर वैद्याला आणि औषधाला पैसा कोठून आणायचा, असे ती विचारते.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा निबंध वर्गात जरूर सांगा. बाळंतपणाच्या दुखण्याला जात कारण होते, हे या मुलीने कोणत्याही सरकारी अहवालाच्या आधी ओळखले होते. यातली विपरीत गोष्ट अशी की, त्या काळी अनेक गावांत सुईणीचे काम मांगवाड्यातल्या बाईकडेच असे. पाटलाच्या घरचे बाळ तिच्या हातावर उतरायचे. काम झाले की तिने उंबऱ्याबाहेर जायचे, आणि तिची स्वतःची पाळी आली की गळक्या झोपडीत पडायचे.

आता तुम्ही म्हणाल, वाड्यातल्या बायका तरी सुखात होत्या का? नव्हत्या. वाड्यातल्या बाईच्या डोक्यावर छप्पर होते, पण तिचे वय तिच्या हाती नव्हते आणि अब्रूचा धाक डोक्यावर होता. बालविधवेचे पाऊल वाकडे पडले, किंवा घरातल्याच कोणी तिला फसवले, तर तिला आडाचे पाणी जवळ करावे लागे, नाही तर मुलाचा गळा दाबावा लागे. हे थांबावे म्हणून १८६३ साली फुले पतिपत्नींनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवा, असा तो दरवाजा होता. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच पुढे डॉ. यशवंत फुले झाला आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करू लागला.

आनंदीबाई जोशी यांचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. मुक्ताने निबंध लिहिला त्या वयात, म्हणजे चौदाव्या वर्षी, आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. बायकांना स्त्री डॉक्टर पाहिजे, ही ओढ त्यांना सातासमुद्रापार घेऊन गेली. १८८६ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. त्यांनी प्रबंधही लिहिला तो प्रसूतिशास्त्रावरच. पुढल्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्या पुण्यात क्षयाने वारल्या.

आता पुण्याकडून मुंबईकडे वळू. १८५८ साली पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी सुरू झाली, मग घाटही फोडला गेला, आणि मावळातल्या गड्याला मुंबई जवळ आली. मुंबईचे डबेवाले मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतलेच, हे तुम्हांला ठाऊक आहे. देशावरून आणि कोकणातून माणसे गिरण्यांत गेली. त्यांच्यामागे बायकाही गेल्या आणि रिळिंग, वाइंडिंग खात्यांत उभ्या राहिल्या. राहायला चाळीतली एक खोली. तिच्यात कधी दोन-तीन बिऱ्हाडे.

१९२१ सालचे मुंबईचे आकडे पाहा. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरात हजार जन्मांमागे १३३ मुले वर्षाच्या आत दगावत. तीन खोल्यांच्या घरात १९१. दोन खोल्यांच्या घरात ३२२. आणि एका खोलीच्या बिऱ्हाडात ८२८!

हा शेवटचा आकडा मात्र जसाच्या तसा धरू नका. त्यात एक मेख आहे. पुष्कळ बायका बाळंतपणाला माहेरी, गावी जात. जन्माची नोंद गावी होई, किंवा होतच नसे. बाळ घेऊन त्या मुंबईस परतत आणि मृत्यूची नोंद तेवढी मुंबईत होई. त्यामुळे प्रमाण फुगलेले दिसते. पण ती मेख काढली तरी उतरंड तीच राहते. खोल्या जितक्या कमी, तितके बाळाचे जगणे अवघड. मुक्ताने छपराविषयी जे विचारले होते, त्याचे उत्तर सहासष्ट वर्षांनी नगरपालिकेच्या वहीत असे उतरले.

मुंबई सरकारने त्याच सुमारास डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टरीण बाईंना गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करायला नेमले. १९२२ साली त्यांनी लिहिले की, या कामकरी बायकांच्या शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव तान्ह्यांना अफू दिली जाते. बाळागोळी म्हणतात ती. आई निर्दय होती काय? नव्हे. भोंगा झाला की तिला कामावर हजर व्हायचे असे. मूल झोपून राहिले नाही तर मजुरी बुडे, आणि मजुरी बुडाली तर घरात चूल पेटत नसे.

मग काही माणसांना वाटले की आईला विसावा मिळाला पाहिजे आणि विसाव्यात तिचे पोटही भरले पाहिजे. कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ साली दिल्लीच्या कायदेमंडळात तसे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात आसवले यांनी विधेयक मांडले, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २८ जुलैला त्याच्या बाजूने भाषण केले. त्यांचा मुद्दा असा होता की, आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. १९२९ साली कायदा झाला: बाळंतपणाआधी तीन आठवडे, नंतर चार आठवडे, आणि रोजचे आठ आणे. आज आठ आणे म्हणजे काहीच वाटणार नाही. पण बाळंतपणाची रजा ही मालकाची मेहेरबानी न राहता बाईचा हक्क झाली, ती तेव्हापासून. १९६१ च्या कायद्याने तीच रजा बारा आठवड्यांची झाली आणि २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची.

इथे क्षणभर परदेशात डोकावू. आनंदीबाई ज्या फिलाडेल्फियात शिकल्या, त्याच शहरातल्या काळ्या लोकांच्या वस्तीची पाहणी करून डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या विद्वानाने १८९९ साली ग्रंथ लिहिला. काळे लोक अधिक मरतात ते त्यांच्या रक्तात काही खोट आहे म्हणून नव्हे, तर त्यांना कसे राहावे लागते त्यामुळे, असे त्याने दाखवले. तरीही आज अमेरिकेसारख्या धनवान देशात काळ्या आईचे बाळ वर्षाच्या आत दगावण्याचे प्रमाण गोऱ्या आईच्या दुपटीहून अधिक आहे. कॉलेजात शिकलेल्या काळ्या बाईलाही यातून पुरती सुटका नाही. आपल्या देशातही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आदिवासींमध्ये आणि अनुसूचित जातींमध्ये हजारी सुमारे ४१, आणि अनुसूचित जाती, जमाती व मागासवर्ग सोडून उरलेल्यांत २८ बाळे वर्षाच्या आत गेलेली दिसली. तिकडे रंग, इकडे जात. पाळण्यावरची सावली एकच.

पण मंडळी, निराश होण्याचे कारण नाही. सटवाईच्या रात्रीचीच गोष्ट घ्या. पाचवी-सहावीच्या आसपास बाळाचा जबडा आवळून यायचा, दूध पिणे बंद व्हायचे, अंग ताठ व्हायचे. तो धनुर्वात. नाळ मळक्या विळ्याने कापल्याने तो होई. गरोदरपणी आईला लस, नाळेला स्वच्छ पाते, एवढ्यावर तो आटोक्यात आला, आणि २०१५ साली भारतातून नवजात बाळांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. एवढा एक लेख माणसांनी पुसला.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवले. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास अडला तर काय करायचे, जंतुदोष कसा ओळखायचा आणि सुई कशी द्यायची, हे त्या शिकल्या. एकोणचाळीस गावांत पहिल्या महिन्यातले मृत्यू हजारी ६२ वरून तीन वर्षांत सुमारे २६ वर आले. १९९९ साली हे काम इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात छापून आले. तुमच्या गावची आशाताई आज बाळंतिणीच्या घरी येते, तिची वाट याच कामाने सोपी केली.

महाराष्ट्रात २०२० साली बालमृत्यूचे प्रमाण हजारी १६ होते. मुंबईतल्या त्या एका खोलीच्या आकड्याशेजारी हे ठेवून पाहा, म्हणजे केवढी मजल मारली ते कळेल. पण सरासरीच्या आड कोण लपते, तेही पाहायला हवे. सव्वीस आठवड्यांची रजा दहा किंवा अधिक माणसांच्या कारखान्यात, दुकानात, कचेरीत मिळते. भातलावणीच्या चिखलात वाकलेल्या बाईला ती नाही. वीटभट्टीवर, उसाच्या फडात, रस्त्याच्या कडेच्या बांधकामावर पत्र्याच्या खोपटात राहणारीला नाही. कातकरी आणि ठाकर वाडीवरच्या बाईलाही नाही. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये आहेत, पण कागदपत्रे नसली तर तेही हाती येत नाहीत.

तेव्हा करायचे काय? आपल्या गावाच्या शिवारात कोणती बाई दिवस भरत आलेली आहे, हे गावाला ठाऊक पाहिजे. ती आपल्या जातीची नसो, आपल्या जिल्ह्याची नसो, चार महिन्यांसाठी कामाला आलेली असो. आशाताईला तिच्या खोपटापर्यंत घेऊन जा. शेवटच्या महिन्यात तिला जड टोपली उचलू देऊ नका आणि त्या दिवसांची मजुरी कापू नका. जन्माची नोंद करा, आणि बाळ गेले तर तीही करा. कारण ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी कोणी कायदा करत नाही. गुरुजी, बाई, तुमच्या वर्गातही चौदा वर्षांची एखादी मुलगी असेल. तिला आपल्या वस्तीवर निबंध लिहायला सांगा, आणि तो नीट वाचा.

पाचवीला दिवा जरूर लावा. पण दिवा लावण्यापूर्वी वर एकदा पाहून घ्या, छप्पर गळत तर नाही ना?