गोठ्यातला लोखंडी नांगर

धाराशिवकडच्या जुन्या गोठ्यांत गव्हाणीमागे बहुधा एक गंजलेला लोखंडी नांगर भिंतीला टेकलेला दिसतो. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला कुणी हात लावत नाही, पण भंगारातही घालवत नाही. आमच्याकडेही आहे. त्याचं कूळ शोधत गेलं की माणूस बेळगावातल्या एका सायकलच्या दुकानात पोचतो.

दुकान लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे भाऊ रामूअण्णा यांचं. लक्ष्मणरावांचा जन्म 1869चा. मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले, तर रंगच नीट ओळखता येईनात. रंग सुटले, रेघ मात्र हातात राहिली. ते यंत्रांची रेखाटनं शिकले, मुंबईतच ती शिकवू लागले आणि बढती हुकल्यावर बेळगावला परतले. सायकली विकता विकता आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग नांगर.

आपल्या काळ्या रानात लाकडी नांगर नुसती चीर पाडतो. हराळी न् कुंदा खाली शाबूत राहतात. लोखंडी नांगराचा बाकदार पत्रा ढेकूळ उचलून पालथं घालतो. मुळं वर येतात आणि वैशाखाच्या उन्हात करपतात. तरी पहिलं गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं लागली. लोखंडानं जमीन विषारी होते, असं लोक म्हणत. वास्तविक लाकडी नांगराच्या टोकालाही लोखंडी फाळ असायचाच. धास्ती अख्ख्या लोखंडाची होती. मला ती अडाणीपणाची वाटत नाही. ज्याच्याकडे जमिनीखेरीज काही नाही, तो तिच्यावर प्रयोग कसा करू देईल?

पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ 32 एकर माळ आणि 10,000 रुपये कर्ज दिलं. निवडुंग तोडून 1910 साली तिथे किर्लोस्करवाडी वसली.

आपला मुलूख तेव्हा निजामाचा. बार्शी लाइट रेल्वे 1897 साली बार्शीला आली आणि 1911 साली येडशी, ढोकी करत लातूरला पोचली, तेव्हा जड लोखंडी माल या भागात उतरायची सोय झाली.

या नांगरानं माती पालथी घातली, तसा गावातला एक जुना व्यवहारही. लाकडी नांगर गावचा सुतार घडवायचा, मोबदला सुगीला धान्यात. लोखंडी नांगराचा फाळ झिजला की पेठेतून रोखीनं नवा आणायचा आणि बोल्ट आवळून घरीच बसवायचा. सुताराचं एक हुकमी काम गेलं आणि शेतकऱ्याच्या घरात पहिल्यांदा पाना आला. आमच्या आजोबांचा पाना देवळीत, दिव्याशेजारी असायचा. पोरांनी खेळायला घेतला तर ते रागावत.