जयपूरचा पाय
साठच्या दशकात पाय गमावलेल्याला जो कृत्रिम पाय मिळे, तो बूट घालणाऱ्यासाठीच बेतलेला असे. घोटा ताठ. उकिडवं बसायचं कसं, चिखलात अनवाणी उतरायचं कसं? मग तो पाय कोपऱ्यात जाई आणि कुबड्या परत काखेत येत.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी यावर तोडगा काढला. शर्मांचं शालेय शिक्षण बेताचं, हात मात्र कसबी. पावलाच्या आत लाकूड आणि स्पंजी रबर, वरून भट्टीत पक्कं केलेलं रबर, बोटंसुद्धा खऱ्यासारखी! नडगीला ॲल्युमिनियमचा पत्रा, उरलेल्या पायाच्या मापाला ठोकून ठोकून आणलेला.

१९८१चा मॅगसेसे पुरस्कार सेठींना मिळाला. शर्मांचं नाव फारसं कुणाच्या कानावर गेलं नाही.