खिशातलं टोकनही साधन असतं

समजा, १९८५ साली तुम्ही रोमला उतरलात आणि घरी फोन करायचाय. रस्त्यावरच्या जुन्या फोनमध्ये 'जेत्तोने' टाकावा लागे, म्हणजे खाचा असलेलं २०० लिरांचं टोकन. परदेशी कॉलला अशी टोकनं भराभर संपत. त्यापेक्षा टेलिफोन ऑफिस बरं. तिथे खिडकीवरचा माणूस केबिन नेमून देई, मीटर फिरे आणि पैसे बोलून झाल्यावर द्यायचे.

आता संशोधक म्हणून बघा. घरच्या फोनचं बिल कुणाच्या तरी नावावर निघतं. टोकन टाकून केलेल्या कॉलमागे असं नाव नसतं. प्रवासी आणि मजूर नेमके इथेच आपल्या हातून निसटतात.

मग काय उरतं? टोकन. १९७०च्या दशकात इटलीत सुट्ट्यांची टंचाई झाली, तेव्हा दुकानदार सुट्टे म्हणून जेत्तोनेच देत. १९८० साली त्याची किंमत १०० लिरा झाली, १९८४ साली २००. टोकन मात्र तेच! २००१ संपताना ते चलनातून गेलं.

पण सावध राहा. टोकन किंमत सांगतं, संभाषण नाही. 'कॉल महाग, म्हणून नाती तुटली' असं त्यावरून लिहू नका. त्यासाठी फोन करणाऱ्यांना आणि पलीकडे वाट बघणाऱ्यांनाही विचारायला हवं. ती माणसं आज म्हातारी झालीत. मुलाखती आधी घ्या, प्रकरणं मग लिहा.