सिद्धगडची बातमी मुंबईत कशी पोचली असेल?

कसारा लोकलमध्ये उभं राहून ऐकणारे, मुरबाडच्या एसटीत खिडकीशी बसून ऐकणारे, सगळ्यांचं स्वागत. आजचा भाग आपल्याच जंगलातल्या एका पहाटेबद्दल आहे. पण नुसत्या घटनेबद्दल नाही, तिच्या बातमीबद्दल.

मुरबाडकरांना २ जानेवारी ही तारीख वेगळी सांगायला लागत नाही. १९४३ साली याच दिवशी सिद्धगडच्या जंगलात हॉल नावाच्या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याच्या तुकडीने भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना गोळ्या घालून मारलं. भाईंचं वय तीस. आज तिथे स्मारक आहे, दरवर्षी लोक जमतात, आणि आपण दोघांनाही हुतात्मा म्हणतो. आता जरा ३ जानेवारी १९४३ ला चला. तुम्ही मुंबईत गिरणीत कामाला आहात. सिद्धगडला काय झालं, हे तुम्हाला कोण सांगणार?

त्याआधी भाई कोण होते ते थोडक्यात. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, माथेरानचे, नाभिक समाजातले. शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. शेतकऱ्यांसाठी धान्य कोठ्या आणि गावात शाळा हे त्यांचं मूळ काम. ऑगस्ट १९४२ मध्ये चले जाव सुरू झालं तसे ते भूमिगत झाले आणि आझाद दस्ता उभा राहिला.

दस्त्याचं काम आमच्यासारख्या इंजिनीअर पोरांना लगेच कळेल. मुंबईच्या गिरण्यांची आणि रेल्वेची बरीचशी वीज घाटाखालून यायची. खोपोली, भिवपुरी, भिरा इथल्या टाटांच्या जलविद्युत केंद्रांतून तारा निघायच्या आणि रानातून, माळावरून मुंबईला जायच्या. आता अख्ख्या मुंबईत शिरून कारखाने बंद पाडायची गरज काय? मधले मनोरे, आपण टॉवर म्हणतो ते, आडवे केले की झालं. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात दस्त्याने असे मनोरे पाडले. सरकारने भाईंना पकडण्यासाठी बक्षीस लावलं.

तेव्हा महायुद्ध चालू होतं. जपान ब्रह्मदेशापर्यंत आलेला. त्यामुळे सरकारच्या हिशोबात हा घातपात होता, तोही युद्धाच्या ऐन भरात. आजचं एखादं चॅनल उचलून १९४२ मध्ये ठेवलं असतं, तर खालच्या पट्टीवर भाईंच्या नावापुढे कुठला शब्द फिरत असता, याचा तुम्हीच अंदाज करा.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. ८ ऑगस्ट १९४२ लाच, म्हणजे गवालिया टँकवर ठराव झाला त्याच दिवशी, सरकारने भारत संरक्षण नियमांखाली वर्तमानपत्रांसाठी हुकूम काढला. या आंदोलनाची किंवा त्याविरुद्ध सरकारने केलेल्या कारवाईची बातमी छापायची तर ती तीनच ठिकाणची असली पाहिजे. एक, सरकारी सूत्रं. दोन, नाव घेऊन सांगितलेल्या वृत्तसंस्था. तीन, जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे नाव नोंदवलेला बातमीदार. बाकी काही नाही. हुकुमाचे शब्द बघा, बंदी नुसत्या भडकाऊ लेखांवर नव्हती. बंदी होती घडलेल्या गोष्टींच्या बातमीवर. कुणी काय केलं, कुणाला किती लागलं, कोण मेलं, यावरच.

हे किती जाणूनबुजून होतं? व्हाइसरॉय लिनलिथगोने ३१ ऑगस्ट १९४२ ला चर्चिलला तार केली. त्यात त्याने स्वतःच लिहिलं की १८५७ नंतरचं हे सगळ्यात गंभीर बंड आहे आणि लष्करी कारणासाठी त्याची व्याप्ती आपण आतापर्यंत जगापासून लपवलेली आहे. सरकारला खरं माहीत होतं, वाचकाला माहीत नव्हतं.

मग लोकांनी दुसरी वाट काढली. उषा मेहता, विशीतली मुलगी, आणि तिच्या साथीदारांनी मुंबईत गुपचूप काँग्रेस रेडिओ चालवला. घरं बदलत बदलत, १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांची धाड पडेपर्यंत. आष्टी आणि चिमूरला काय झालं, हे छापायला वर्तमानपत्रं घाबरत होती तेव्हा या रेडिओने सांगितलं. मला वाटतं आपल्या पॉडकास्टवाल्यांचा कुलदैवताचा मान यांनाच द्यायला हवा. पण तारीख बघा. सिद्धगड झालं तेव्हा हा रेडिओ बंद पडून दीड महिना उलटला होता.

आता एक मोठी उडी, २६ नोव्हेंबर २००८. १९४२ ची अडचण बातमी दाबण्याची होती, इथे बरोबर उलटं झालं. त्या हल्ल्यात १६६ माणसं गेली. तुमच्या डोक्यात कुठलं चित्र येतं? ताजच्या घुमटाजवळचा धूर. पण एका जागी सगळ्यात जास्त माणसं मेली ती सीएसटीला, आपल्या लोकलच्या शेवटच्या स्टेशनात, पन्नासहून जास्त. तिथला गोळीबार साधारण तासाभरात आटपला. कॅमेरे पोचले तोवर दाखवायला चालू असं काही उरलं नव्हतं. ताज मात्र २९ तारखेपर्यंत पेटत राहिलं, म्हणून ते दिसत राहिलं. कॅमेरा जिथे थांबतो ती जागा मोठी होते. आणि गावी जायला गाडीची वाट बघणारी माणसं आकड्यात जातात.

त्या रात्रीचं सगळ्यात कामाचं प्रसारण माझ्या मते टीव्हीवर झालंच नाही. ते केलं स्टेशनातले उद्घोषक विष्णू झेंडे यांनी. आपल्या केबिनमधून गोळीबार दिसत असताना ते माइकवर प्रवाशांना सांगत राहिले, मागच्या बाजूने बाहेर पडा. जेवढं दिसलं तेवढंच सांगितलं. ते ऐकून माणसं वाचली.

तिकडे टीव्हीवर नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो थेट दाखवले जात होते. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तेच बघून फोनवर सूचना देत होते. २०१२ मध्ये कसाबच्या अपिलाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर चॅनलांना स्पष्ट शब्दांत फटकारलं, आणि मग २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी अधूनमधून माहिती देईल तेवढीच.

ऐकून ओळखीचं वाटलं ना? बातमी फक्त सरकारकडूनच. पण दोन्ही नियम एका मापाने मोजू नका. २०१५ चा नियम कारवाई संपली की सुटतो. १९४२ च्या हुकुमात आंदोलन संपल्यावरही खरं सांगायची मुभा कुठे होती? मला २०१५ चा नियम पटतो. मात्र कारवाई संपल्यावर बातमीदार आत जातात का आणि प्रश्न विचारतात का, यावर माझं लक्ष असतं.

मे २०२५ ची ती रात्र तर तुम्ही फोनवरच काढली असेल. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं काही चॅनल ओरडून सांगत होते. तसं काही घडलंच नव्हतं. स्टुडिओत तर हवाई हल्ल्याचा भोंगा पार्श्वसंगीतासारखा वाजत होता. शेवटी नागरी संरक्षण खात्याला सांगावं लागलं, बाबांनो, भोंगा कार्यक्रमात वाजवू नका, खरा वाजला तर लोक दुर्लक्ष करतील.

कोतवालांच्या दस्त्याने मनोरे पाडले. कसाब आणि त्याच्या जोडीदाराने फलाटावर बसलेली माणसं मारली. दोन्हीकडे सरकारी कागदावर जड शब्द लिहिता येतो आणि तो शब्द ऐकून तुम्हाला फरक कळणार नाही. काय केलं आणि कुणाला इजा झाली, हे कुणीतरी सांगितलं तरच कळेल. १९४२ मध्ये नेमकं तेवढंच सांगायला मनाई होती. तरी सिद्धगडची हकिकत टिकली, कारण आजूबाजूच्या गावांनी आणि वाड्यांनी ती तोंडातोंडी जपली.

म्हणून एक काम देतो. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आता नव्वदी पार आहे. मुरबाड, शहापूर, कर्जत कुठेही, तुमच्या घरात किंवा शेजारी असे आजी-आजोबा असतील, किंवा त्यांच्याकडून ऐकलेलं कुणाला आठवत असेल, तर फोनचं रेकॉर्डिंग चालू करून समोर बसा. ‘मनोरे पडले तेव्हा गावात काय बोलत होते?’ एवढंच विचारा आणि मध्ये बोलू नका. त्यांनी स्वतः बघितलं की दुसऱ्याकडून ऐकलं, तेही शेवटी विचारून घ्या. ऑडिओ पाठवलात तर पुढच्या महिन्यात त्यातलंच ऐकवू.